माझ्या ज्वारीच्या पट्टीवरची सायकल

१८ सप्टेंबर, गुरुवार

ओढ्याकडची माझी पट्टी उकरून ठेवली आणि मला विचारलं न्हाई. जेसीबी आणून मातीचे ढीगच ढीग केले. मला वाटलं विहिरीचा गाळ असंल. न्हाई. त्यांवरून सायकल उडवायला. लेकरांसाठी? न्हाई, स्वतःसाठी. माझा दत्या, चाळिशी गेली, डोक्यावर केस उरले न्हाईत.

आता देवाचं. जय मल्हार. राग आधी लिहिला, कारण तो आधी आल्ता.

दत्याला म्हटलं, दसरा झाला की मला तिथं ज्वारी पेरायची, हे काय करून ठेवलं? तो मोबाईलात बघत राह्यला. सून स्वैपाकघरातून बोलली, "आत्या, ते म्हणतात नंतर सपाट करून देऊ." ते म्हणतात! ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेत. बाप गेल्यापासून हा माझ्याशी सविताच्या तोंडानंच बोलतो. मुका नवरा केल्यासारखी तिची गत.

२१ सप्टेंबर, रविवार

सायकल बघितली. मडगार्ड न्हाई, स्टँड न्हाई, कॅरेज न्हाई, घंटी न्हाई. ब्रेक एकच, तोबी मागं. सीट इतकी खाली की बसलं तर गुडघे कानाला लागतील. म्हटलं, बसतो कसा हा? तर शर्यतीत बसायचंच नसतं म्हणे, उभ्यानं पायडल मारायचं. मंग सीट कशाला लावली? दत्यानं सविताकडं बघितलं. सविता म्हणाली, "नियम असंल."

हिला क्रूझर म्हणतात. पोरं शर्यतीत पळवतात त्या सायकलीचं चाक वीस इंची, हिचं चोवीस. म्हणजे लेकराचीच सायकल, चार इंच वाढवली की बाप्याची झाली. मोठं चाक ढिगावरून सरळ जातं, हाडाला धक्का कमी बसतो, म्हणून वय झालेले हीच घेतात. धक्का सोसत न्हाई त्यानं खाटंवर बसावं.

स्टँड न्हाई म्हणून शेळीच्या खुंटाला टेकवली. शेळीनं मुठीचं रबर चावून टाकलं. मी शेळीला काही बोलले न्हाई.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रात्रभर पाऊस. अर्धे ढीग वाहून गेले. बरं वाटलं.

दुपारी दत्या आणि त्याचे सायकलवाले फावडे घेऊन हजर. त्यात जुन्या जालन्याचा कांतीशेठ, कापडाच्या दुकानाचा मालक, पोट दारातून आडवं येतं. तोबी क्रूझरवाला. घरच्या बांधाला कधी हात लावला न्हाई दत्यानं, इथं वळणाचा बांध थापून राह्यला. सायकल आडवी करून त्या बांधावरून वळवायची म्हणे, ब्रेक न दाबता. थापला मात्र बराबर. त्याचा बाप मेंढवाड्याची जागा करायचा तेव्हा असाच वाकून. असो.

सुटायच्या जागी माझ्या मेंढवाड्याचं फाटक लावलं. मेंढरं विकली, फाटक ठेवलं होतं, ते ह्यांच्या कामी आलं. फाटकाला पुढचं चाक टेकवून, दोन्ही पाय पायडलवर घेऊन उभं राहायचं, जमिनीला पाय लावायचा न्हाई. मोबाईल टूं टूं करतो, फाटक धाडकन पुढं पडतं, मंग पळायचं. कांतीशेठला दम न्हाई. फाटक पडायच्या आधीच जोर केला आणि त्याच्यावरच आदळला.

"मावशी, बिलकुल लागलं न्हाई!"

मी म्हटलं, विचारलं कोणी?

२७ सप्टेंबर, शनिवार

ट्रॅक्टरवाला रामा विचारून गेला, पेरायचं कधी. ओल आत्ता हाये. ती गेली की ज्वारी न्हाई, ज्वारी न्हाई तर कडबा न्हाई, गाईपुढं काय टाकू, दत्याचं हेल्मेट? दुसऱ्या रानात मोसंबी हाये. पेरायला हीच पट्टी, आणि ती माझ्या नावावर हाये.

दत्यापुढं उभी राह्यले. "तोंडानं बोल." तर सविताकडं बघून म्हणतो कसा, "मायला सांग, दसऱ्यानंतरच्या रविवारी शर्यत हाये. कांतीशेठच्या पुढं आलो तर औंदा पट्टी राहू दे. मागं राह्यलो तर नांगर घाल."

मी सविताला म्हटलं, त्याला सांग, कबूल.

दोन दिवस बघून राह्यले मी. दत्या एकदाबी शेठच्या पुढं आला न्हाई. शेठला त्याचं पोटच उतारावर पळवतं. रामाला शर्यतीनंतरच्या सोमवारी ये म्हणून सांगितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

नांगर, विळे, पंप, दत्याची मोटारसायकल, सगळं धुऊन मांडलं. सवितानं ती सायकलबी आणून ठेवली. आणली तर आणली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा जाड हार हँडलाला घातला. देवापुढं आलेल्या वस्तूला मी कमी करत न्हाई.

संध्याकाळी सविता, "आत्या, ते म्हणतात शर्यतीपुरता हार काढू का? वजन होतं."

म्हटलं, दसऱ्याचा हार सुकून आपोआप गळंपर्यंत काढायचा नसतो. मोटारसायकलीचा काढता का? आणि वजनाचं शेठच्या पोटाला विचारा.

हार राह्यला.

५ ऑक्टोबर, रविवार

गेल्ते बघायला. पट्टी माझी हाये, बघायला कोणाची परवानगी लागती?

क्रूझरचे पाचजण. लेकरासारखी पुढं नंबराची पाटी, तोंड झाकणारं हेल्मेट, एवढ्या उन्हात हातमोजे. पाच टकली कुठूनतरी पळून आल्यासारखी फाटकाला टेकून उभी. टूं टूं. धाडकन.

दत्या पहिला सुटला. वळणाच्या बांधावर शेठला आत दाबलं आणि पुढं गेला. कधी शिकला काय माहीत. शेवटचे तीन ढीग राह्यले तेवढ्यात हार तुटला, दोरा पुढच्या चाकाच्या तारांत गुंडाळला, चाक जागेवर थांबलं. दत्या हँडलावरून पुढं. धूळ, झेंडू, दत्या. शेठ त्याला चुकवायला बाजूला गेला आणि त्याची गती मेली.

दत्या उठला. सायकल खांद्यावर घेतली आणि ढिगांवरून पळत सुटला. लंगडी मेंढी खांद्यावर टाकून पळतात ना, तसा. शेठ मागं धापा टाकत पायडल मारून राह्यला. रेघेवर दत्या वीतभर पुढं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाई. उभी राह्यले होते एवढंच.

घरी दत्याच्या गुडघ्याला हळद लावताना सविता म्हणाली, "आत्या, तो हार..."

हार मी हँडलाला घातला होता, चाकात न्हाई.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी शेठचा फोन. "मावशी, शर्यत सायकलीची. सायकलीवर बसून यायला पाहिजे, सायकल त्याच्यावर बसून आली. हे बराबर न्हाई." त्याला म्हटलं, तुम्ही कुठं बसता? उभ्यानंच मारता की.

मंग सविता. "आत्या, ते म्हणतात सायकल संगं असली की नियमात बसतं."

ते म्हणतात.

रामा दुपारी येऊन गेला. उद्या सकाळी ट्रॅक्टर फाटकापाशी लावतो म्हणाला, ओल दोन दिवसांची राह्यली. पट्टीवर चक्कर मारून आले. तीन ढिगांवर दत्याच्या पायाचे ठसे, खोल. चाकाचं निशाण न्हाई. शेठ गेला त्या बाजूला हाये.

सविताला सांगून ठेवलं. उद्या तू बोलायचं न्हाई. शेठला विचारायचं न्हाई, मोबाईलात नियम बघायचा न्हाई. दत्या शेठच्या पुढं आला का न्हाई, हे दत्यानंच सांगायचं, माझ्या तोंडाकडं बघून. तो म्हणंल ते मी धरीन. तोवर रामा उभा राहील, ट्रॅक्टर चालू ठेवून.