बॉनेटखालचं ग्रीस

आप्पा, परवा दौंडला डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात ती लाल उघडी गाडी पुन्हा बघितली आणि माझ्या हातातला चहा कपातच गार झाला. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. शिरूरला मी तुमच्या हाताखाली शिकलो ते आपलं गॅरेज होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, समोरून रांजणगावच्या कंपन्यांच्या बसा जातात. माझीही साठी उलटली. पण अंगाला घाम फुटला तो अगदी तुमच्यासमोर काम बिघडल्यावर फुटायचा तसाच.

ती गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली तो दिवस आठवतो का? बाईंचे मालक वारल्यापासून गाडी गोठ्यात उभी, सीटवर कोंबड्यांची अंडी. मी हसत म्हणालो, "आप्पा, हिला छप्परच न्हाई. पावसात काय करायचं?" तुम्ही बघितलंही नाहीत माझ्याकडं. "तुझ्या डोस्क्यावर तरी कुठं केस हायत? पावसात फिरतुयासच की!" मग बॉनेट उचललंत, माझा हात धरून पत्र्याच्या आतल्या अंगाला लावलात. बारीक बारीक उंचवटे लागले. "हे मशीनचं काम न्हाई. बाई म्हणत्यात, मोठी लढाई संपल्यावर इटलीत बनल्याली हाय. तिकडं तुझ्यासारखाच कुणी पत्रेवाला मोगरी घिऊन पत्रा ठोकत बसला आसंल. बाहेरनं घास, रंगव, काय बी कर. आतून हात लावायचा न्हाई." दौंडच्या रेल्वे शेडमधली तुमची जुनी सवय, रंगकामाआधी लोखंडात ठोकलेल्या नंबरावर ग्रीस थापायची, म्हणजे रंग आकड्यांत भरत नाही. इथंही तुम्ही खाली वाकून सांगाड्यावर कुठंतरी बोटानं ग्रीस थापलंत. मी म्हणालो, "रेल्वे सुटली पण ग्रीस सुटंना." त्याच संध्याकाळी तुमची लाकडी मोगरी माझ्या हातात दिलीत. ठेव, म्हणालात, बाकी काही नाही.

मग तुमचा दमा बळावला, तुम्हाला दौंडला दवाखान्यात ठेवलं आणि गाडी माझ्या एकट्याच्या ताब्यात आली. आप्पा, मला खरंच वाटलं होतं की आतला खडबडीत पत्रा म्हणजे कच्चं काम. बाई बॉनेट उघडतील आणि म्हणतील, शिरूरच्या गड्यानं वरवर रंग फासला. म्हणून तुमचा शब्द मोडला. ग्राइंडर लावून एक-एक उंचवटा घासून काढला, खाचांत लांबीची पुट्टी भरली, आत सगळीकडं काळा रंग मारला. आरशासारखं केलं. तुम्हाला बरं वाटल्यावर दाखवायचं, एवढंच डोक्यात. तुम्ही आलात, काठी टेकून. बॉनेटच्या आत हात फिरवलात, बराच वेळ. आणि म्हणालात, "चा सांग." इतकी वर्षं मी त्या 'चा सांग'ला शाबासकी समजून चाललो आहे.

परवा बाईंच्या लेकीनं बोलावलं. बाई आता अंथरुणाला आहेत, त्यांच्या औषधपाण्यासाठी गाडी विकायची आहे. "मामा, काम तुम्हीच केलंय, माणूस बघायला येतोय, तुम्ही असा." मुंबईहून जुन्या गाड्यांचा जाणकार आला होता. माझ्या रंगाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बॅटरी घेऊन थेट बॉनेटच्या आत. हात फिरवला, अगदी तुमच्यासारखा, आणि तोंड उतरलं त्याचं. म्हणाला, असल्या गाड्या जगात हातावर मोजण्याइतक्या, नकला मात्र चिक्कार. खरी ओळखायची ती आतल्या हातोडीच्या खुणांवरून, तीच बनवणाऱ्याची सही. "और यहाँ तो सब घिस दिया है. किसने किया ये?"

लेक माझ्याकडं बघायला लागली. माझी जीभ सुटली आणि बोलली, "हमारे वस्ताद थे. वो अब नहीं हैं."

आप्पा, हे मी बोललो. मीच.

तो जायला निघाला होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, गाडीखाली पाठीवर सरकला. सांगाड्यावरच्या एका जागी माझ्या काळ्या रंगाचा पापुद्रा सुटला होता. नखानं ओढला तसा सगळा निघून आला, खाली वाळून दगड झालेलं ग्रीस. पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. नंबर असा निघाला, जणू कालच ठोकलाय. तो माणूस खालूनच ओरडला, "नंबर कारखाने का है, असली है! ये ग्रीस किसने लगाया?" लेकीच्या डोळ्यांत पाणी. "मामा, तुम्हीच ना?"

आणि माझी मान हलली. पोरगी माझ्या पाया पडली, आत जाऊन आईला सांगून आली, साखर आणली. ती साखर मी खाल्ली.

तुमची चूक नव्हती ती तुमच्या माथी मारली आणि तुमची शहाणपणाची एक गोष्ट होती ती मी चोरली, दोन्ही एका चहात. बॉनेट उघडायला गेल्यावर तुमच्या काठीचा आवाज ऐकू येतो म्हणालो तर घरचे हसतील. मोगरी समोर ठेवून हे लिहितोय. पोरीला खरं सांगायलाच पाहिजे. सकाळच्या एस्टीनं दौंडला जातो.

कालही असंच लिहिलं होतं. आज सकाळी स्टँडवर गेलो, चहा प्यायलो आणि घरी परत आलो.