स्टुलावर कोण बसलं होतं

अप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तुम्ही असताना जे बोलता आलं नाही ते आज लिहायला बसलोय. माझं ऑपरेशन झालं. नांदेडला, चाळिशी उलटल्यावर. लघवीचं छिद्र जन्मापासून टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं, ते वर आणलं. दोन वेळा टेबलावर घेतलं मला. आधी गालाच्या आतली कातडी काढून तिथं लावली, सहा महिन्यांनी तिचाच मार्ग करून शिवला. डॉक्टर म्हणाले, "हे लहानपणीच करतात. एवढी वर्षं का थांबलात?"

उदगीरला तिसरीत असताना शाळेच्या मुतारीत पोरं हसली म्हणून मी रडत धान्याच्या मोंढ्यात आलो होतो. तुम्ही तुरीचं पोतं शिवत होता. वर न बघताच म्हणालात, "बसूनच जायचं. कुणाला दाखवायचं न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई." मी ते इतकं पाळलं की चालून आलेली दोन स्थळं स्वतःच मोडली. मागच्या वर्षी एका बाईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मग डॉक्टरला दाखवू की."

दुसऱ्या ऑपरेशननंतरची दुपार. कमरेखाली अजून काही कळत नाही. वॉर्ड पेंगतोय, पंखा करकरतोय. संध्याकाळी सफाईच्या मावशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या वडलाला सांगा, लघवीच्या पिशवीच्या नळीला हात लावू नका म्हणावं. मी बोलले तर मान खाली घालून गेले."

"कोण वडील?"

"टोपीवाले. दुपारभर स्टुलावर बसून होते की."

मी म्हणालो, मला झोप लागली होती. सिस्टरनं नळी पाहिली. वॉर्डात आणलं तेव्हा तिला पीळ पडला होता, आता ती सरळ होती.

मी अव्वाला फोन लावला. मावशी काय म्हणाल्या ते सांगितलं. मग ती म्हणाली, "त्यांलाबी तसंच होतं रे. लग्न झाल्यावर मला सांगितलं, अन् शपथ घातली. तू पोटात होतास तवा एकच म्हणायचे, पोरगी होऊ दे."

एकवीस दिवसांनी नळी काढली. धार सरळ पडली. डॉक्टर खूश झाले, कागद भरता भरता विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं? वडिलांना?" मी नाही म्हणालो. ते गुपित तुमचं होतं, मी कसं फोडू?

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. एक मात्र सांगतो. त्या दुपारी मी जागा होतो. स्टूल सरकल्याचं ऐकलं, तुरीच्या भुश्शाचा वास आला, चादर जराशी उचलली गेली. पापण्या उघडल्या असत्या तर तुम्ही दिसला असता. मी घट्ट मिटून घेतल्या. भ्यालो, अप्पा.