माचय्याचा वाटा

मंगळवार, ६ फेब्रुवारी
बोळ्ळम्माचा म्हैसूरहून फोन. "अव्वा, दारू सोडणाऱ्यांची बैठक असते ना, तिथे जायला लाग. नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत पूवीला तुझ्याकडे ठेवणार नाही." पोटची मुलगी मला अटी घालते. गेल्या मे महिन्यात नातीला आंघोळ घालता घालता मी न्हाणीघरातच झोपले – एवढंच.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
गोणीकोप्प्याच्या औषधाच्या दुकानात चौकशी केली. दीर फार पितात, असं सांगितलं. खोटं नाही, पितातच. दुकानदार म्हणाला, "रविवारी तीनला, शाळेत. पाटीबिटी नाही. ज्या वर्गाबाहेर चपला दिसतील तिथे शिरायचं." वर म्हणाला, "पण दिरांनाच पाठवा, अक्का. तुम्ही जाऊन काय उपयोग?" शहाणा.

रविवार, ११ फेब्रुवारी
चौथीचा वर्ग. मीही चौथीपर्यंतच शिकले. पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, आणि मग वाचनालयातली फाटकी पुस्तकं. पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. नऊ माणसं. फळ्यासमोर हवालदार नाणय्या – स्वतः निवृत्त, मिशा अजून नोकरीत. एक नर्स. कॉफीमळ्यातले दोन मुकादम. एक जण नुसता रडतो. पाळीपाळीने आपली नालायकी सांगतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. लग्नात नवरदेवाला मिळत नाहीत एवढ्या.
मला विचारलं. म्हटलं, "मी बघायला आलेय."
"बघा की," हवालदार म्हणाला. "तिकीट नाही."

बुधवार, १४ फेब्रुवारी
दिवेलागणीला नवऱ्याच्या, माचय्याच्या फोटोपुढे पेला ठेवला. रोजच्यासारखा.

रविवार, १८ फेब्रुवारी
आज बोलले. एकदाचं यांना समजावून सांगावं म्हणून. मी दारुडी नाही. आमच्यात पितरांना जेवणाबरोबर दारू ठेवतात, तुम्हीही ठेवता. इतर लोक वर्षातून एकदा ठेवतात, मी माचय्याला रोज ठेवते. ठेवलेलं फेकायचं नसतं. म्हणून पिते.
हवालदाराने विचारलं, "माचय्या जिवंतपणी किती घ्यायचे, अक्का?"
"सणावारी दोन घोट."
"आणि आता?"
"पाव बाटली. कधी अर्धी."
"म्हणजे मेल्यावर बिघडले."
नर्स म्हणाली, "माझ्या आजोबांचंही तसंच झालं. हयातभर ताक प्यायले, आणि वर गेल्यापासून रोज बाटली लागते त्यांना." मग मुकादमाने त्याची मेलेली आत्या काढली. सगळे हसले. रडणारासुद्धा.
मी चपला घालून निघाले. माझ्या माणसावर हसतात! तीन वर्षांपूर्वी मिरी काढायला शिडीवर चढला, आणि मी खाली टोपली धरून उभी होते. हसा म्हणावं.

रविवार, २५ फेब्रुवारी
गेले नाही. त्या वर्गाला खडूचा वास येतो.

गुरुवार, २९ फेब्रुवारी
पेला भरताना फोटोकडे लक्ष गेलं. एवढी त्याला झेपली नसती. दुसऱ्या घोटालाच कान लाल व्हायचे त्याचे.
भरला तरी.

रविवार, ३ मार्च
गेले. आजपासून बंद, असं सांगितलं. टाळ्या. लाज वाटली – त्यांची.

रविवार, १७ मार्च
चौदा दिवस. हात कापतात, अक्षर बघवत नाही. फोटोपुढे गुळाची काळी कॉफी ठेवते. ही हवालदाराची अक्कल. तो बापाला तीच ठेवतो.
"बाप रागावत नाही?"
"रागावून काय करेल? परत येऊन बडवेल? येऊ दे की. भेट तरी होईल."
यावर हसायचं की काय करायचं, ते या लोकांना कळत नाही. मलाही कळलं नाही.
बोळ्ळम्माला फोनवर दिवस सांगितले. म्हणाली, "बरं." बस, बरं!

शनिवार, ३० मार्च
थोरल्या घरी पितरांचं जेवण. बोळ्ळम्मा पूवीला घेऊन आली. पानं मांडली, दिवा लावला, डुकराचं मटण, भात, दारू. पितरांचं झाल्यावर थोरल्या दिरांनी वाटी भरून माझ्यापुढे धरली. "घे, देचम्मा. प्रसाद आहे."
म्हटलं, "मला नको."
"नवऱ्याचा वाटा नाकारतेस? बाहेर काय शिकून आलीस?"
वीस माणसं बघत होती. घेतली. दुसरी कुणी दिली नाही, मीच ओतून घेतली. तिसरीही. पूवी माझ्या मांडीवरून उठली आणि आईकडे जाऊन बसली.
सत्तावीस दिवस. हवालदाराच्या वर्गात मूर्ख बसतात असं मी म्हणत होते. त्यातली सगळ्यात मोठी मी.

रविवार, ३१ मार्च
आज त्या दोघी जातील म्हणून सकाळपासून खोलीबाहेर आले नाही. दोन वाजता बोळ्ळम्माने दार वाजवलं. "ऊठ, अव्वा. तीनला असते ना?" पूवीला जाऊबाईंकडे ठेवलं होतं. शाळेपाशी मी म्हटलं, "तू गाडीतच बस, तासभर लागेल." ती उतरली. चपला काढून माझ्याआधी आत गेली. हवालदाराने नाव विचारलं.
"बोळ्ळम्मा. सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की मी सुरू करते. दोन वर्षं झाली."