सेनापतीचा घास

दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुड्डी,

भावाचे खूप आशीर्वाद. नागपूरला थंडी सुरू झाली असेल, ड्युटीवरून येताना कानाला बांधत जा. आपलं हलकं धान कापून झालं, भारी अजून उभं आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. वाच म्हणजे कळेल.

दिवाळीनंतरची आपली मंडईची जत्रा झाली. तुझी आठवण सगळ्यांनी काढली. जरा जास्तच काढली.

यंदा सेनापतीचा मान सरपंच भोजराजला मिळाला. तू लहानपणी आजोबांना छळायचीस, की लढाई न करता गोष्टीतला तो सेनापती एवढा मोठा झालाच कसा? ते सांगायचे, वेढा घालण्याआधी तो वेष पालटून गावात आला आणि घराघरांत एकेक घास जेवला. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला काय हवं आहे, सगळं चुलीपाशी बसून काढून घेतलं. फौज आली त्या सकाळी गावानंच वेशीचं दार उघडलं. ज्यानं घास दिला, त्याचा हात सेनापतीवर उठलाच नाही. म्हणून आपण दर मंडईला एकाला सेनापती सजवतो आणि तो दारोदार नव्या भाताचा घास खात फिरतो. मला तो नेहमी खेळच वाटला.

भोजराजला अर्धा तलाव बुजवून हायवेलगत प्लॉट पाडायचे आहेत, हे तुला सांगायला नको. तुझ्या तक्रारीवर पुढच्या मंगळवारी, १८ तारखेला, भंडाऱ्याला सुनावणी आहे आणि सगळं गाव तुझ्या बाजूनं साक्ष देणार होतं.

तो मिशी लावून, फेटा बांधून निघाला. आधी नत्थूकाकांकडे गेला. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणावरून काका आणि त्यांचा भाऊ कित्येक वर्षं बोलत नाहीत. भोजराजनं दोघांना एका ताटाशी बसवलं आणि त्याच ताटातला घास घेतला. काका रडले. बाहेर येऊन म्हणाले, "आपलाच माणूस आहे." पुढच्या घरातूनही तेच ऐकू आलं, आणि त्याच्या पुढच्याही. तेच शब्द, त्याच आवाजात. मी त्याच्या आधी घर गाठलं.

खेळ वाटला तरी मी बंदोबस्त केला होता. घरच्या चुलीवरचा नसेल तर घास लागू होत नाही, असं आजोबा म्हणायचे, म्हणून लाखनीच्या हॉटेलातून भात आणून ठेवला होता. भोजराज ओसरीवर बसला. तुझं नावसुद्धा काढलं नाही.

"भूपेंद्र, तुया बापानं मले याच तलावात पोहाले शिकवलं. तो मी कायले बुजवीन? थोडासा काठ घेऊन राहिलो, बस."

बाबांची आठवण आता गावात कोणी काढत नाही. माझा हात आपल्याच चुलीवरच्या भाताच्या गंजात गेला, गुड्डी. मी तो जाताना बघत होतो. हॉटेलचं पार्सल बाजूला तसंच पडलं होतं.

तेव्हापासून मला फार बरं वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गेलो की पाण्याच्या जागी मला घरं दिसतात, दिवे लागलेली. आईलाही दिसतात. ती त्यांतलं आपलं घर कोणतं ते दाखवते. साक्षीला आता कोणी येणार नाही, मीही नाही. तलावासाठी बोलणारी तू एकटी उरली आहेस.

काल भोजराज म्हणाला, "गुड्डीच्या हातचा घास तेवढा राहिला." बोलावून घेऊ, असं मीच हसत म्हणालो.

आत्ता डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून टाकतो. मंगळवारच्या आधी तुला माझा फोन येईल. आई फार आजारी आहे, तुझंच नाव घेते आहे, असं मी सांगेन. रडेनसुद्धा, आणि ते रडणं खरं असेल. आईला काहीही झालेलं नाही. तू सरळ भंडाऱ्याला जा. मी कितीही बोलावलं तरी घरी येऊ नकोस.

अजून तरी तुझाच भाऊ,
भूपेंद्र