गोल कोपऱ्यांची खोली

बोरगाव (मेघे), वर्धा
रविवार, १३ फेब्रुवारी १९५५

ती. स्व. रूपरावजी यांचे सेवेशी,

आनंदरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला पिस्ता रंग लागलेला आहे, तो रॉकेलनंही निघत नाही, तरी गोड मानून घ्यावा.) इकडे शकुआत्याची कंबर सोडून सर्व क्षेमकुशल आहे. आपला गुडघा आता कसा आहे? पुरचुंडीतून पाठवलेली सुंठ नलू नेमानं घेते की तिच्या वहिनीच्या डब्यात ओतून मोकळी झाली, तेही कळवावं. तुमचं मंगळवारचं कार्ड मिळालं. त्यात साडेतीन ओळी खोंडाच्या खुराविषयी आहेत आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत लिहिलं आहे की गंगा सोमवारी पालथी पडली, खोलीचं कुठवर आलं. खुराला कडुनिंबाच्या पाल्याचा शेक द्यावा. लेक पालथी पडली हे वाचून समाधान वाटलं. (उजवीकडून पडली की डावीकडून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खुराच्या बाबतीत मात्र उजवा-डावा लिहायला विसरला नाहीत.) खोलीविषयी सविस्तर कळवतो.

मुळापासून सांगायचं तर सगळा दोष तुमच्या घरच्या पुरणपोळीचा आहे. श्रावणात नलूच्या सातव्या महिन्याच्या ओटीला मी तुमच्या गावी, जामला आलो, तेव्हा लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती. नऊ वर्षं लोकांनी मला काय काय ऐकवलं, कोणाकोणाच्या ताईतांनी माझा दंड काळा झाला, ते तुम्ही जाणता. त्या दिवशी तिसरी पोळी पोटात गेली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. भर पंगतीत मी बोलून गेलो की माझं लेकरू काही चुलीच्या धुरात आणि शेरड्या-कोंबड्यांच्या गलक्यात वाढायचं नाही, त्याच्यासाठी मी मुंबईला असते तशी स्वतंत्र खोली करणार आहे, आणि ती होईपर्यंत तुम्ही मायलेकरांना पाठवूच नका. तुम्ही तुपाची वाटी हातात धरून उभे होतात. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, आनंदरावजी. 'खोली तयार आहे' एवढे तीन शब्द लिहून टाकजा, दुसऱ्या दिवशी दमणीले बैल जुंपतो. त्याच्याआधी आमची नलू हालत नाई." आणि माझ्या पोळीवर धार धरलीत. दुसरा एखादा साळा असता तर हे बोलणं हात धुतल्याबरोबर विसरला असता. पण तुम्ही पडले शब्दाचे पक्के.

(मुंबईची खोली मी कुठं पाहिली असं नलू विचारत असेल, तर तिला सांगा. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिनिंगच्या मालकांनी मला कापसाचे नमुने घेऊन मुंबईला धाडलं, तेव्हा त्यांच्या भावाच्या समुद्रासमोरच्या घरी मी एक रात्र उतरलो होतो. त्या इमारतीला कोपरा म्हणून नव्हता. सगळे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल. त्यांच्या लेकराची खोली तर अशी, की भिंती फिकट गुलाबी, छताला उतरत्या पायऱ्या, खिडकी आगबोटीसारखी वाटोळी, आणि भिंतीवर अर्धा सूर्य, त्याचे किरण थेट छतापर्यंत गेलेले. मी चपला हातात घेऊन दारात उभा राहिलो. ते लेकरू सारा वेळ किंचाळत होतं, पण तेव्हा तिकडे माझं लक्ष गेलं नाही.)

तर जामहून परत आल्यावर मी माणूस शोधू लागलो. चंद्रभान पेंटर मिळाला. यानं नागपूरच्या एका टॉकीजचा दर्शनी भाग रंगवला आहे, हीच त्याची शिफारस. डोक्यावर तिरपी टोपी, कानावर ब्रश आणि तोंडात एकच शब्द, सॉफ्ट. "साहब, बच्चे का कमरा है, सब कुछ सॉफ्ट होना." मी म्हटलं, माणूस जाणता आहे. त्यानं पहिला हात कोपऱ्यांना घातला. विटांचे तुकडे, चुना आणि गूळ भरून चारही कोपरे गोल केले. (गुळाला मुंग्या आल्या. त्या अजून आहेत.) कोपरे फार देखणे झाले, खोटं कशाला बोलू. पण रूपरावजी, कोपरा गेला म्हणजे काय गेलं ते कोपरा गेल्यावर कळते. पेटी भिंतीला टेकत नाही, बाज ठेवली तर मागे मांजर जाईल एवढी फट राहते आणि मांजर जातेच. शकुआत्या तर दोन दिवस केरसुणी हातात धरून खोलीत हिंडत होती, टेकवायची कुठं म्हणून. आत्याचं वय पासष्ट, आईमागं मला तिनंच वाढवलं, पण चंद्रभानशी तिचा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. दोन्ही वेळच्या भाकरी मात्र तीच त्याला थापून घालते आणि घालताना बोलते.

मग रंग. चंद्रभान म्हणाला, पीच पाहिजे. पीच हे फळ आहे म्हणतात. ते त्यानं पाहिलेलं नाही, मी पाहिलेलं नाही, आणि वर्ध्याच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. तरी पण आमचं त्याच्यावर एकमत होईना. पहिला हात दिला तो गेरू जास्त होऊन मारुतीच्या देवळासारखा झाला. दुसरा हात आत्याच्या मते ताप उतरलेल्या माणसाच्या जिभेचा. तिसरा हात सुकला तेव्हा दिवाळी झाली होती, गंगाचा जन्म झाला होता, बारसं झालं होतं. (बारशाला मी आलो तेव्हा तुम्ही बाकी काही विचारण्याआधी खोलीचंच विचारलंत. तुमच्या मुंजीच्या वयाच्या मुलानंही विचारलं. म्हणून मग मी परत आलो नाही. जिनिंगचा हंगाम आहे, रजा मिळत नाही, असं जे मी लिहीत होतो ते अर्धं खरं होतं.) नंतर सूर्य निघाला. अर्धा सूर्य, सोळा किरण, मधून पिस्ता रंगाच्या तीन-तीन रेघा. डोळ्यात पाणी यावं असा. पण टॉकीजचा हात तो. चंद्रभाननं सवयीनं सूर्याच्या दोन्ही अंगांना मखमली पडदे काढले आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, 'शांतता राखा'. तान्ह्या लेकराच्या खोलीत! मी ओरडलो तेव्हा तो म्हणाला, साहब, आपही ने तो कहा, बच्चा सोएगा. आत्याला वाचता येत नाही. ती समजली लेकराचं नाव काढलं आहे, आणि सगळ्या आळीला बोलावून तिनं दाखवलं. आळी आली, पाहून गेली, आणि जाताना दोघांनी पुढचा खेळ किती वाजता म्हणून विचारलं. दृष्ट लागेल म्हणून आत्यानं त्याच संध्याकाळी काजळात बोट बुडवून सूर्याच्या कपाळावर रुपयाएवढी तीट लावली. चंद्रभान दोन दिवस जेवला नाही. (तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवला.)

आता आमचे शेजारी प्रभाकरराव मास्तर यांच्याविषयी लिहिलं नाही तर पत्राला चव नाही. हे सेवाग्रामला जाऊन येऊन असतात, स्वतः कातलेलं नेसतात आणि दुसऱ्याचं काय चाललं आहे ते न चुकता पाहतात. एका सकाळी ते आले आणि माझ्या बाजेवर मांडी घालून सव्वा तास बोलले. देश नवा आहे, मातीची भिंत आणि शेणाचा सडा याहून बाळाला काय हवं, हा सूर्य म्हणजे भांडवलदारांचा सूर्य आहे, त्याच्याखाली झोपलेलं मूल पुढं श्रमदानाला यायचं नाही. मी शरमेनं मान खाली घातली. उठताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, तो गुलाबी रंग उरला आहे का? उरला होता. आता त्यांच्या चरख्यामागच्या भिंतीवर एक छोटासा अर्धा सूर्य आहे. किरण आठच आहेत. साधेपणा म्हणतात तो हाच असावा.

राहिलं छत. त्याला मुंबईसारख्या पायऱ्या हव्या होत्या. चंद्रभाननं बांबूचा सांगाडा केला, कापसाच्या गठाणीचं जुनं बारदान मी जिनिंगमधून आणलं, ते ताणून ठोकलं, वर चुन्याचा आणि सरसाचा लेप दिला. तीन पायऱ्यांचं, मधे दुधी, कडेला पिस्ता, असं छत झालं. खालून पाहिलं की मान दुखते पण मन भरत नाही. (सरसाचा वास येतो. उंदीर रोज वरून बारात घेऊन जातात. हे किरकोळ आहे.) जानेवारीच्या अखेरीस सगळं आटोपलं. मी दौत काढली, कार्ड काढलं, तुमचे ते तीन शब्द लिहायला बसलो. तेवढ्यात शकुआत्या दारात येऊन वर पाहू लागली. बराच वेळ पाहिलं तिनं. मग म्हणाली, "सगळं झकास झालं रे बावा. पण मामाचा पाळणा कुठी टांगतं?"

रूपरावजी, मी पाच महिने सूर्य पाहत होतो, कोपरे पाहत होतो. लेकराच्या खोलीत पाळणा टांगावा लागतो हे आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आढ्याला कडी होती, ती बारदानाच्या वर गेली. चंद्रभानला विचारलं तर म्हणतो, वो लोहे का छल्ला? वो तो भद्दा दिखता था, साहब, उसी को छुपाने को तो सीलिंग बनाई. मुंबईचं लेकरू गजांच्या खाटेत झोपते, असंही त्यानं सांगितलं. त्यावर आत्या म्हणाली, "काऊन? लेकरानं चोरी केली काय?" मी दोघांनाही बाहेर काढलं आणि दौत झाकून ठेवली.

तेव्हा एक विचार आला तो सहज लिहितो. तुम्ही मामा म्हणून किसनराव सुताराकडून जो सागवानी पाळणा करवून घेतला आहे, पितळी साखळ्यांचा, त्याला चार पाय बसवता येतील का? हल्ली तशी पद्धत निघाली आहे. रागावू नये. जमत नसल्यास छताविषयी चंद्रभान काहीतरी सॉफ्ट तोड काढणारच आहे, त्याला महिनाभर लागेल, फार तर दोन. मला काही घाई नाही. नलू आणि गंगा तिकडे सुखात आहेत यातच माझं सुख आहे. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं, बरोबरीच्यांना रामराम, आणि सगळ्यांत लहान आहे तिला काय ते तिच्या आईनं सांगावं.

आपला,
आनंदराव

ता. क. : पत्र टपालात टाकायचं राहिलं. पाळण्याला पाय लावण्याचं जे लिहिलं ते कृपया किसनरावांना सांगू नये. सागवान कोरलेल्या माणसाला असं कोणी विचारते काय. मी दोन दिवस जेवताना तोच विचार करत होतो आणि मलाच माझी लाज वाटली.

ता. क. दुसरी : घाई नाही असं वर लिहिलं तेही खोटं आहे. तुमचं कार्ड आल्यापासून मी ते खिशात घेऊन हिंडून राह्यलो. गंगा पालथी पडली, आणि मी इथं तीन पायऱ्यांच्या छताकडं पाहत उताणा पडलेला. नऊ वर्षं जिची वाट पाह्यली ती माझी पोर, तिनं जन्मात पहिल्यांदा कूस पालटली आणि ते मले खोंडाच्या खुराखाली वाचायला मिळालं. उद्या बसंल, परवा रांगंल, आणि मी पीच कसा असते त्याचा वाद घालत राहीन. म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर आत्याचा विळा घेतला, स्टूल घेतलं, आणि छताच्या बरोबर मधोमध, दुधी रंगात, टोपलीएवढं भोक पाडलं. अंगावर चुना, सरस, बारदान आणि एक उंदीर पडला. चंद्रभान टोपी काढून उभा होता, कोणी गेल्यासारखा. भोकातून हात घातला तर कडी तशीच. माझाही पाळणा त्याच कडीले होता म्हणते आत्या. दोर बांधला, आत्याच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, त्यात जवारीचं पोतं घालून झोके देले. मग पोतं काढून मी सोता बसलो. आत्या हासून हासून खाली बसली. पण कडी हालली नाई.

ता. क. तिसरी, आणि नलूले फक्त एवढीच वाचून दाखवजा : छताले भोक आहे, सूर्याले तीट आहे, भिंतीले मुंग्या आहेत. 'शांतता राखा' तसंच ठेवलं, ते मी पुसत नाई. हे घर नऊ वर्षं शांतच होतं, आता गंगानंच येऊन ते खोटं पाडावं. पाळणा संग आणजा, साखळ्यांचाच. रूपरावजी, दमणी जुंपा. खोली तयार आहे.