नुसतं 'हं'

बुधवार, चौदा तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर मिळतं. तीन आठवडे फोन केला नाही म्हणून चिडली असशील. चिडच.

आमच्या छावणीत चार देशांचे सैनिक आहेत आणि कुंपणाबाहेर डॉक्टर, नर्स, पाण्याचे टँकर असा बिनगणवेशाचा कारभार. दोघांच्या मधे बसून मी वायरलेसवर निरोप देतो: कुठल्या रस्त्यावरचे सुरुंग काढून झाले, कुठली गाडी कधी सोडायची. दिवसभर एवढ्यांशी बोलतो, पण संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणी नसतं. खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवर मी धुतलेले कपडे ठेवतो.

एक टँकरवाला तेवढा रोज फाटकाशी थांबून आपल्या मराठीत विचारायचा, "बरंय ना?" मीच शिकवलं होतं.

तू करवादायचीस ना, "हं हं काय करतोस, हो म्हण नाहीतर नाही म्हण." 'हंहं' हे नावही तूच पाडलंस. आपल्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की ऐकतोय, बोल पुढे.

गेल्या महिन्यात मदतकेंद्रातल्या नर्सबाईंनी वायरलेसवर विचारलं, नदीकाठच्या रस्त्याने टँकर पाठवू का? बाई आपल्याकडच्या नव्हेत. मी तक्ता भरत होतो. म्हणालो, "हं." त्यांना तो होकार वाटला. त्या रस्त्यावरचे सुरुंग अजून काढायचे होते गं. त्याच टँकरवाल्याचा पाय गुडघ्यापासून गेला. वर भाऊजींच्या गुडघ्याचं लिहिलं आणि पेन तिथेच अडलं होतं.

चौकशी चालू आहे. साहेब म्हणाले, "तू परवानगी दिल्याचा एकही शब्द नोंदीत नाही. सुटलास तू." म्हणजे नर्सबाई अडकल्या, त्यांना घरी पाठवतायत. हे ऐकून मी काय म्हणालो असेन? हंच म्हणालो. लाज वाटते ताई.

उद्या दहाला माझी जबानी आहे. विचारतील, परवानगी दिलीस का? मी "हो" म्हणणार आहे. नोकरी बहुतेक जाईल. भीती वाटतेय, पण तुला लिहून टाकलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

पत्र पोचेल तोवर सगळं उरकलेलं असेल. मग फोन करीन. तू बोल, मी ऐकेन. मधे माझा आवाज आला नाही तर फोन कट झाला असं समजू नकोस.

तुझा भाऊ
(ते जुनं नाव आता घेऊ नकोस.)