पस्तीसची लेन्स

जऊळका रेल्वे
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. हरीओम यास,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. हरभरा निघाला, आंब्याला मोहोर बरा आहे, शाळेत परीक्षेची तयारी सुरू आहे. तुझ्या बायकोची, निताची, खुशाली पुढे लिहिते.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण तुझ्या मनाविरुद्ध कोणी तिसरं वाक्य बोललं की तुझं नेटवर्क जातं. पत्राला तशी सोय नाही. फाडशील, पण काय फाडलं ते आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते. म्हणून जालन्याच्या खोलीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवते आहे.

आधी लेन्सचं. नोव्हेंबरात मी शाळेतल्या सरांकडून जुना कॅमेरा घेतला तेव्हापासून तू दर फोनला विचारतोस, "ताई, घेतली का मंग दुर्बीण?" आणि स्वतःच हसतोस. घेतली. दुर्बीण नाही, लेन्स. तू सांगितलेली नाही.

तू पाठवलेले सातही व्हिडिओ मी पाहिले. मास्तरीण आहे, त्यामुळे वही घेऊन पाहिले. नव्या माणसानं पहिली स्वस्त लेन्स कोणती घ्यावी हे सातही जण सांगत होते, आणि एकाच्याही हातात स्वस्त लेन्स नव्हती. सगळ्यांच्या मागे निळा दिवा आणि पुढे ऐट. आपल्या स्वयंपाकघरात मागे सरकायला किती जागा असते, हे त्यातल्या कोणाला ठाऊक असेल असं वाटलं नाही. तुझं ज्ञान त्यांच्याही वरचं. बियाण्याच्या कंपनीसाठी सोयाबीनच्या शेंगा फुटपट्टीशेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढतोस, त्यातल्या अर्ध्यांत तुझा अंगठा येतो, आणि तू मला लेन्स शिकवतोस.

तू म्हणाला होतास, "तुले माणसाजवळ जाता येत नाही, ताई. मोठी झूम घे, दुरून काढत जा." शेहेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बहीण, तिला असं बोललं तर चालतं असं तुझं गणित. वाईट याचं वाटलं की तू खरं बोलला होतास.

मग मी माझ्या पद्धतीनं ठरवलं. कॅमेऱ्यासोबत अठरा-पंचावन्न मिलिमीटरची साधी झूम आली होती. तिची कडी पन्नासवर आणली आणि वर चिकटपट्टी लावली. आठ दिवस कडी फिरवायची नाही. मग पट्टी काढून पस्तीसवर लावली, पुन्हा आठ दिवस. एक छदाम खर्च न करता कोणती लेन्स आपल्या कामाची ते कळतं. सातांपैकी एकानंही हे सांगितलं नाही, कारण चिकटपट्टी विकून त्यांना काही मिळत नाही.

पन्नासवर तिसरीच्या वर्गातली पोरं छान येत होती, पण स्वयंपाकघरात अडचण झाली. निता पोळ्या लाटत असली की तिचं तोंड घ्यावं तर हात सुटत, हात घ्यावे तर तोंड. माझी पाठ फ्रिजला टेकलेली. पस्तीसवर दोन्ही मावलं. फक्त चेहरा नीट हवा असेल तर दोन पावलं पुढे जावं लागे. आणि ती झूम अंधारात आंधळी. शाळेच्या खोलीत ढग आला की सगळं हललेलं. झूम नसलेल्या छोट्या लेन्सचं छिद्र मोठं उघडतं, उजेड जास्त येतो, आणि किंमतही माझ्यासारखीला परवडते. एवढं साधं आहे ते.

अठरा जानेवारीला अकोल्याला जाऊन आणली. निता माझ्यासोबत आली होती. तुला सांगितलं नव्हतं, तिनंच सांगू नका म्हटलं होतं. दुकान सन्मती शेठचं. बिचारे सभ्य, पण माझ्याही गळ्यात मोठी झूमच मारायला बघत होते. म्हणे मॅडम, लग्नात मागच्या खुर्चीवरून स्टेजवरच्या नवरीची नथ दिसेल. मी म्हटलं, मला नवरीच्या नथेशी काही काम नाही. त्यांनी कॅमेऱ्याला मोठी झूम, पन्नास आणि पस्तीस अशा तिन्ही लेन्स एकेक करून लावून दाखवल्या. मी घोळ घालत बसले. निताच्या हातात कॅमेरा दिला, तिनं पस्तीसमधून दुकान पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली,

"ताई, याच्यातून तं आपल्या डोयानं दिसते तसंच दिसून राह्यलं."

तीच घेतली. सात व्हिडिओंपेक्षा तिचं एक वाक्य जास्त कामाचं निघालं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून खूप बोलली. लग्नाला सहा वर्षं झाली, इतकं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. इंझोरीच्या शाळेत तिनं चित्रकलेचं बक्षीस घेतलं होतं म्हणे. तुला माहीत होतं? मलाही नव्हतं. बार्शीटाकळी आली तेव्हा तिनं पिशवीतून फोन काढला. तुझे अकरा मिस्ड कॉल होते. त्यानंतर जऊळक्यापर्यंत ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी नव्या लेन्सचं माहितीपत्रक वाचत होते.

फेब्रुवारीभर मी रोज सकाळी शाळेआधी निताचे फोटो काढले. ती ओट्याशी, खिडकीतून उजेड आलेला. समोर रोज बसणारी दुसरी कोण होती मला? सुरुवातीला दारातून काढायची. हळूहळू आत गेले. तुझ्या भाषेत सांगायचं तर मला माणसाजवळ जाता यायला लागलं.

तू एक आणि दोन मार्चला येऊन गेलास. तीन तारखेच्या सोमवारी सकाळी निता वरच्या फळीवरचा डबा काढत होती. हात वर गेला, पदर सरकला. मी सवयीनं बटण दाबलं आणि शाळेत गेले. संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो मोठा केला. केस अन् केस स्पष्ट आला होता. मी लेन्सवर खूश होते. मग मला गळा दिसला.

चार डाग डाव्या बाजूला, ओळीनं. एक उजव्या बाजूला, मोठा. निळे. आणि खाली, खांद्याकडे, दुसरे काही, पिवळे पडलेले. ते पंधरा दिवस आधीच्या फेरीचे असावेत. तू वेळापत्रकाचा पक्का माणूस आहेस.

ती मोरीत घसरून पडली असं तू म्हणशील. गळ्यावर पाच बोटं उमटतील असं कोणी पडत नाही, हरी. पुढे कुणापुढे हे बोलायची वेळ येईल, तेव्हा याहून बरं काही शोधून ठेव. लहानपणीही तू खोटं बोलायचास ते इतकं आळशी असायचं, की पकडायला मला लाज वाटायची. म्हणून मी पकडत नव्हते. तिथंच चुकलं माझं.

लॅपटॉप घेऊन मी घराच्या तुमच्या बाजूला गेले. ती तुरीची डाळ निवडत होती. पडदा तिच्याकडे वळवला आणि विचारलं, हे काय आहे. मूर्खासारखा प्रश्न. तिनं बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मग म्हणाली,

"तुमाले आता दिसलं का, ताई?"

तिनंच पुढे म्हटलं, अगदी सावकाश, जसा डाळीतला खडा बाजूला काढावा तसं. "डिसेंबरात मी तुमचं दार वाजोलं व्हतं. तीनदा. तुमी कूलर लावला."

आता हे लिहिते. इतका वेळ लेन्सवर लिहीत बसले ते यासाठीच, की हे लिहायला नको वाटत होतं.

डिसेंबरातला रविवार होता, दुपारचे दोन. तू घरी होतास. मी वह्या तपासत होते. मधल्या भिंतीपलीकडून आधी तुझा आवाज आला, मग भांडं पडल्याचा, मग तिचा. मग माझ्या दारावर थाप पडली. एकदा, दोनदा. मी उठले. दाराकडे नाही गेले, बटणाकडे गेले. बाहेर माणसं स्वेटर घालून फिरत होती आणि मी बिनपाण्याचा कूलर लावून वह्या तपासत बसले. तिसरी थाप त्या खडखडाटातही ऐकू आली. मी पोरांच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं गोल करत राहिले. त्या दिवशी एकही चूक माझ्या नजरेतून सुटली नाही.

आणि तो पहिला दिवस नव्हता. त्याआधी टीव्ही मोठा करायची, त्याआधी देवळात जायची. नवरा-बायकोत आपण कशाला पडा, असं स्वतःला म्हणायची. हे वाक्य ज्यानं कोणी पहिल्यांदा काढलं, तो तुझ्यासारखाच असणार, आणि ते पाठ करणारी माझ्यासारखी. तुझ्याबद्दल मला जी किळस वाटते, तिच्यातला एक वाटा मी माझ्यासाठी ठेवला आहे. काळजी करू नकोस, तुला कमी पडणार नाही.

मी निताला म्हटलं, मी चुकले. ती म्हणाली ते राहू द्या. मग विचारलं, काय करू? तिला वाटलं असतं तर मी त्याच वेळी तुला फोन करून शिव्या घातल्या असत्या. तिला ते नको होतं. ती म्हणाली, "मले फोटो पाह्यजेत. सारे काढा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेतली. खिडकीशी स्टूल ठेवलं. गळा, दंड, पाठ, कानामागची जुनी खूण, जिचं तुम्ही दोघांनी मला कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक डागाशेजारी शाळेतली पट्टी ठेवली. ही रीत तुझीच, शेंगांची. ही लेन्स एक फुटापर्यंत जवळ जाऊ देते. एक फुटावरून माणसाचा श्वास ऐकू येतो. एवढ्या जवळ मी आईच्याही गेले नव्हते. निता हलली नाही. मध्येच एकदा तिनं विचारलं, उजेड पुरते का? मी म्हटलं, पुरतो. एकही फोटो हलला नाही.

मग आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो, तपासणीचा कागद घेतला. वाशिमला, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंकडे गेलो. बाई थकलेल्या दिसत होत्या, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं. निता बोलली. न रडता, तारखांसकट. तिच्या सगळ्या तारखा पाठ आहेत. तिला तू घरात मंद म्हणायचास.

नंतर मी जबाब दिला. काय ऐकलं, किती वर्षं ऐकलं, आणि कूलरचंही. बाई म्हणाल्या, हे शेवटचं नाही लिहिलं तरी चालेल, तुम्हालाच उद्या वकील टोचेल. मी म्हटलं, लिहा. टोचू दे.

गुरुवारी निताची आई आली, विजयमालाबाई. मी चहा ठेवला, त्या प्यायल्या नाहीत. निताची पेटी त्यांनी स्वतः उचलली. निघताना दारात थांबून मला एकच बोलल्या. "माही पोरगी तुमच्या भिंतीपलीकडं व्हती न, बाई?" मी मान खाली घातली. सत्तावीस वर्षं मी पोरांना मान खाली घालायला लावली. खाली घातल्यावर नेमकं काय दिसतं ते त्या दिवशी कळलं. आपले पाय दिसतात, दुसरं काही नाही.

निता इंझोरीला सुखरूप आहे. हीच तिची खुशाली. परवा फोन आला होता, रात्रभर झोप लागली म्हणाली. तिथे जायचा विचार करू नकोस. तिचे दोघे भाऊ घरीच असतात, आणि ते माझ्यासारखे नाहीत.

शुक्रवारी धुळवड आहे, तू नेहमीप्रमाणे येणार असशील. ये. तुझ्या बाजूची किल्ली मी शेजारी हेमलाबाईंकडे ठेवली आहे. घर आबांनी दोघांच्या नावे केलं, तुझा अर्धा भाग तुझाच. आत स्वयंपाक झालेला नसेल. तवा खालच्या फळीवर आहे. पीठ मळायला किती पाणी लागतं हे सांगणारे व्हिडिओ मिळतील, सात तरी नक्की.

आणि दारात उभा राहून "घरची अब्रू" हा शब्द काढू नकोस. आपल्या घरी ती होती असं मला आठवत नाही. आवाज बाहेर जाणार नाही एवढी काळजी तेवढी आपण घेतली. आबा असतानाही घेत होतो, तेव्हा तू लहान होतास. आई तुला माझ्या कडेवर द्यायची आणि म्हणायची, याले अंगणात घेऊन जाय. मी तुला नेलं. तुला काही ऐकू येऊ नये म्हणून गाणी म्हटली. तुला ऐकू आलं नाही, पण शिकलास मात्र सगळं.

कोर्टाची नोटीस तुला दोन-तीन दिवसांत मिळेल. तारीख चोवीस मार्च. मी येणार आहे. माझी साक्ष ज्या दिवशी असेल त्या दिवशीही येईन आणि पुढे लागेल त्या प्रत्येक तारखेला. तू समोर असशील. मी तुझ्याकडे बघून बोलेन, कागदाकडे नाही.

खाली "तुझी ताई" लिहायला पेन टेकवलं होतं. नाही लिहीत. तो शब्द आता ज्या बाईच्या तोंडी आहे, तिच्यासाठी मी अजून काहीच केलेलं नाही. आता कुठे सुरुवात आहे.

वैजयंती जानराव
(अर्जदार निता हिच्या बाजूची साक्षीदार)